रीमची रेस आणि माझी खजुराची पिशवी

नाही गं बायांनो, उंटांची नाही, घोड्यांची. ओमानला जाऊन आले म्हटलं की सगळ्यांना आधी उंटच दिसतो. आणि टीव्हीवर दाखवतात तशी दोन मिनिटांत संपणारी रेसपण नव्हे ही. ऐंशी किलोमीटर. वाळूतनं, खडीतनं, उन्हातनं. एक घोडी, तिच्यावर एक पोरगी, आणि बाजूनं गाडीत पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही. या रेसमधे पळण्यापेक्षा थांबायला जास्त अक्कल लागते. घोड्यामागं फिरायला एवढ्या लांब गेलात का, असं ज्यांनी विचारलंय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

माझा लेक समीर अल अमेरातला असतो, मस्कतच्या दक्षिणेला. एसीची कामं घेतो. मी दोन महिन्यांसाठी गेले होते. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून समीरचं एकच पालुपद, "आई, गावात एकटी काय करतेस, इथंच राहा." आणि माझंही एकच उत्तर, की कुंडीतलं झाड व्हायला मी काय मनीप्लँट आहे का. परतीचं तिकीट आठवड्यावर आलं तशी रोज जेवताना हीच वादावादी.

त्यात समीरला इब्राच्या एका तबेल्यात पंखे, कूलर बसवायचं काम मिळालं. तिथं रीम नावाची घोडी आहे म्हणाला, शनिवारी रेसला उतरणार, पण आधी दोनदा शेवटच्या तपासणीत डॉक्टरनं तिला बाद केलंय. मी हातातली पोळी खाली ठेवली.

"चल, पैज. तुझी ती घोडी रेस पुरी करेल तर मी राहते. नाही केली तर मला गुपचूप विमानात बसवायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आई, दोनदा बाद झालीय ती."

"म्हणून तर म्हणते."

"लबाड आहात तुम्ही," सून पल्लवी म्हणाली.

नात तन्वीचं मराठी अडखळत चालतं, पण कान तिखट. "आज्जी, हॉर्स फर्स्ट आला तर तू स्टे करणार?"

"पहिला नको, नुसता धड पोचू दे."

"मग इझी आहे," ती म्हणाली आणि परत मोबाईलमधे गेली.

बुधवारी समीर आणि मी निघालो. अल अमेरातहून बिदबिद, आणि तिथनं इब्राचा मोठा रस्ता. डोंगर फोडून बोगदे काढलेत, रस्ता असा की मांडीवर ठेवलेला चहा हलत नाही. दोन तासांत पोचतो. वाटेत पेट्रोलपंपावर कडक चहा आणि गरम पराठा घ्या, दोघांचं अर्ध्या रियालच्या आत भागतं. आणि बायांनो, टॉयलेटला पंपावरच जाऊन घ्या, पुढं नुसता डोंगर आहे.

जायचं तर बुधवारीच जा. इब्राला त्या दिवशी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. समीर बाहेर उन्हात उभा राहिला. मी मुद्दाम प्रत्येक कापड उलटंपालटं करून बघितलं. शेवटी घेतला तो एक किलो खजूर. कुरकुरणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला बाईनं. त्या पिशवीकडे लक्ष ठेवा.

समीरचं काम तीन दिवसांचं, मुक्काम इब्रातच; तो कामात असेपर्यंत मी तबेल्यात. तिथं अश्फाक भेटला, घोड्यांचं सगळं बघणारा, आपल्या श्रीवर्धनचा. मला बघून आधी हिंदीत बोलला, मी मराठीत उत्तर दिलं तशी त्यानं बादलीच खाली ठेवली.

"काकी, कुठल्या तुम्ही?"

"चिपळूणच्या अलीकडची. आणि तू घोडीचे पाय चेपतोयस ते मी बघितलं. घरी बायकोचे चेपतोस का कधी?"

"घोडी लाथ मारायच्या आधी कान मागं करते, काकी. बायको काय सांगत पण नाय."

झालं, आमचं जमलं. रीम राखाडी रंगाची, पापण्या अशा की मी तिला काजळवाली म्हणायचे. तीन दिवस रोज दोन-दोन खजूर माझ्या हातनं. शुक्रवारपर्यंत तर नुसती पिशवी वाजली की मान बाहेर. अर्बाबची लेक मरियम, तीच रेसला बसणार होती. अर्बाब म्हणजे मालक, तिकडं आपली माणसंपण हाच शब्द वापरतात. मरियमचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण आमचं भांडणसुद्धा होऊ शकलं असतं इतकं नीट चाललं. अश्फाकचं एकच म्हणणं, काकींना गाडीत घ्या, घोडी यांना ओळखते.

शनिवारी पहाटे बिदियाच्या पुढं, वाळू सुरू होते तिथं गेलो. स्वेटर न्या, दात वाजतात. बूट बंद घाला, माझ्या चपलेत दिवसभर वाळू होती. तिकीट वगैरे नाही, लांबनं कोणीही बघावं, पण घोड्याच्या बाजूनं गाडी न्यायची तर आधी परवानगी लागते. आणि गाडी फोर बाय फोरच, चाकातली हवा कमी करून. समीरला ठाऊक होतं तरी तो एकदा रुतला. मी फक्त हसले.

आता नियम नीट ऐका. तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर डॉक्टर घोड्याच्या छातीला नळी लावतात. ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत पाहिजेत. घोडा पोचला की घड्याळ थांबत नाही, ठोके उतरले की थांबतं. म्हणजे उधळत आलात तर तिथंच उभं राहून पाणी ओतत बसा, वेळ तुमचाच जातो. अश्फाक म्हणाला, "रेस ट्रॅकवर नाय जिंकत काकी, सावलीत जिंकतात." मधल्या तपासणीत नापास झालं तर आणखी एक संधी. शेवटी मात्र रेषेवर आधी पोचेल तो पुढं, पण त्यानंतरची तपासणी एकदाच. तिथं नापास म्हणजे ऐंशी किलोमीटर पाण्यात.

पहिली फेरी सुटली आणि माझं वय खाली उतरलं, शपथेवर सांगते. गाडी वाळूत उड्या मारतेय, शेजारी रीम पळतेय, मी खिडकीतनं कमरेपर्यंत बाहेर, हातात पाण्यानं भरलेली कोल्ड्रिंकची बाटली. मरियम पळत्या घोडीवरनं बाटली घेते, मानेवर ओतते, रिकामी फेकून देते. मागची गाडी उचलते. "अम्मा, पानी! यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, लवकर. पहिली बाटली मी समीरच्या मानेवर सांडली. दुसरीपासून एकही चुकली नाही. समीर ओरडत होता, आई आत बस. त्याला म्हटलं, तुझे बाबा मला एसटीतसुद्धा खिडकीशी बसू द्यायचे नाहीत, आता तू गप गाडी चालव.

फेरी संपत आली तशी मरियमनं चाल हळू केली. बाकीचे तीन-चार धुरळा उडवत पुढं गेले. ती शेवटी खाली उतरून पायी चालत आली, खोगिराचा पट्टा सैल सोडून. अश्फाकनं मानेवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला बर्फाचं पाणी मारलं आणि लगेच पट्टीनं निपटून काढलं, कारण पाणी अंगावर राहिलं की तेच तापतं. दोन मिनिटांत रीम पास. आधी आलेले अजून पाणीच ओतत होते. मग चाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती. सावली, ओला चारा, कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. मरियम सतरंजीवर आडवी, पाय खुर्चीवर. एवढी बडदास्त आमच्या गावात फक्त बाळंतिणीची होते, तीपण पहिल्याच खेपेला.

शेजारच्या तंबूतला घोडा आधी निघाला तशी रीम खिंकाळली, पाय आपटायला लागली. अश्फाकनं तिची मान दुसरीकडं वळवली. "सोबती गेला की हिचा दिल वर चढतो," म्हणाला. मी म्हटलं, तिचंच नाही मेल्या, सगळ्यांचंच तसं असतं.

दुसरी फेरी तशीच, शांत. दुपारी तंबूत बिर्याणीची परात आली, सगळे एकाच परातीत. पैसे विचारले तर अर्बाब रागावले. दुपारचं ऊन चढलं तशी तिसरी फेरी. ही छोटी, पण वाळू भट्टी. मी मधेच समीरकडं बघितलं. स्टिअरिंग घट्ट धरलेलं, ओठ आवळलेले. पोचव बाई पोचव, असं काहीतरी पुटपुटत होता. मी दुसरीकडं बघितलं.

शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला मागनं एक काळा घोडा आला आणि मरियमचा धीर सुटला. पोरगीच ती. तिनं रीमला सोडलं, आणि दोघं वाऱ्यासारखी रेषेवर. मी किंचाळले, समीर किंचाळला, हॉर्नवर हात तसाच. अश्फाकनं तेवढी आधी बर्फाच्या पाण्याची बादली उचलली.

पाणी, पट्टी, पाणी, पट्टी. अश्फाकनं मनगटावरचं घड्याळ लावून ठोके मोजले, थांबला, परत मोजले. "आता," म्हणाला. रीमला डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. आम्ही दोरीच्या बाहेर. बाईंनी नळी लावली. रीम कावरीबावरी झाली, माणसांकडं बघायला लागली, डोळ्याचं पांढरं दिसलं मला. आणि माझा हात पिशवीत गेला. कुरकुर कुरकुर.

रीमनं कान टवकारले, मान माझ्याकडं वळवली आणि पुढचा पाय आपटला.

बाईंनी नळी काढली. सहासष्ट.

मरियम घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, मेरी थैली, मेरी गलती. तिनं डोळे पुसले. "नहीं अम्मा, मैं आखिर में भागी. खलास." मग माझ्याच पिशवीतला खजूर काढून रीमला दिला, एक स्वतः खाल्ला. अश्फाक म्हणाला, "दोन्ही झालं काकी. तिचं पळणं पण, तुमची पिशवी पण." खोटं बोलून समजूत काढली नाही त्यानं, म्हणून मला तो आवडतो.

परतताना बोगदा आला तसा समीर एकदम हसायला लागला. "मानलं आई तुला. मुद्दाम वाजवलीस ना?"

मी म्हटलं, "पैज ती पैज."

घरी पोचल्यावर तन्वीनं विचारलं, "हॉर्स पोचला?" समीर म्हणाला, पोचला, पण आज्जीनं त्याला बाद केलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मोबाईल हातात असून. चार दिवसांनी मी विमानात होते.

तर जायचं असेल त्यांनी थंडीत जा, बुधवार धरून जा, वाळूची गाडी चालवणारं माणूस बरोबर घ्या, आणि खजूर कागदाच्या पुडीत घ्या. अश्फाकचा परवा फोन आला, रीम मजेत आहे, पुढच्या थंडीत परत उतरणार. इथं गावात माझंही बरं चाललंय. अंगण झाडते, म्हैस विकली तरी गोठा झाडते. संध्याकाळी सातला दार लावते, त्यानंतर घरात टीव्हीशिवाय कोणी बोलत नाही. समीर दर रविवारी फोन करतो, औषधं विचारतो, पाऊसपाणी विचारतो. शब्दाचा पक्का आहे, बापासारखा.

आता खरं सांगते. पिशवी मी पैज जिंकायला वाजवली नव्हती. आमच्या म्हशीला टोचायला डॉक्टर आला की मी पेंडीची पिशवी हलवायचे, आणि म्हैस देवासारखी शांत उभी राहायची. रीमचं तसंच होईल असं वाटलं मला. ती पास व्हायला हवी होती. पैज लावली तीही हरायलाच, कारण इतकी वर्षं नाही म्हटल्यावर सरळ "राहते" म्हणायला जीभ वळेना.

समीर, ठरल्याप्रमाणे तू तो विषय काढत नाहीस. काढ.