आईच्या तोंडावरचं पुरळ

माझा राग नाकावर असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं मी चिडले की कुणी मनावर घेत नाही. पण त्या वेळी मी उगाच चिडले नव्हते. आजही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

आईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. जिनं जन्मात तंबाखू तोंडात धरली नाही, मिश्रीसुद्धा लावली नाही, तिला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. मग त्यांनी आईला, मला आणि भावाला समोर बसवून नीट समजावलं. गाठीत एक ठरावीक बदल सापडलाय, आणि नेमक्या त्याच बदलावर काम करणारी गोळी आहे. टार्गेटेड थेरपी म्हणतात. केस जायचे नाहीत, सलाइनही नको, रोज एक गोळी, पण चुकवायची नाही. तोंडावर, छातीवर पुरळ येईल, त्याला भिऊ नका, बऱ्याचदा ती गोळी लागू पडल्याची खूण असते. फार झालं तर मला दाखवा, पण मनानं गोळी बंद करू नका. भाऊ मान डोलावत होता आणि मोबाइलवर कुणाला तरी कापसाचा भाव विचारत होता.

गोळी खरंच लागू पडली. खोकून खोकून बसून रात्र काढणारी आई आडवी झोपायला लागली, भाकरी थापायला लागली. मी बीडला दिलेली, आई तलवाड्याला भावाकडं. रोज फोन करून विचारायचे, गोळी घेतली का. ती घेतली म्हणायची. मग एकदम तिचा फोन बंद झाला. भावाला लावला की आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय. एवढी कशी झोपते ही? शेवटी भावजयीच्या तोंडून निसटलं, की आत्याबाईंच्या, म्हणजे आईच्या, तोंडावर पुरळ उठलंय, देवी आलीय, म्हणून बोलायचं नाही.

मी कपाळावर हात मारला आणि मिळेल ती गाडी धरली.

दाराला लिंबाचे डहाळे बांधलेले. उमापूरची मावशी, आईची थोरली बहीण, उंबऱ्यात बसलेली. आधी पाय धुऊन ये म्हणाली. आत आई लिंबाच्या पाल्यावर निजलेली, घरात फोडणी बंद, आणि गोळ्याही बंद. देवी अंगावर असताना औषध दिलं की ती कोपते, आपल्यात कुणी देत नाही, असं मावशीनं मलाच ऐकवलं. आमच्या गोवर-कांजण्या तिनं अशाच काढल्या होत्या. आईचं तोंड जवळजवळ साफ झालं होतं.

"बघ, कशी शांत झाली," मावशी म्हणाली. तेवढ्यात आईला खोकल्याची उबळ आली. बसून, पोट धरून, तीच जुनी उबळ.

मग मी तोंड सोडलं. देवी शांत झाली नाही, गोळी बंद केली म्हणून पुरळ गेलं, आणि गोळी बंद केली म्हणूनच खोकला परत आला, हे मी ओरडून ओरडून सांगितलं. भाऊ म्हणाला, डॉक्टर म्हणलते खरं, पण मावशी मोठी हाय, तिला कोण बोलणार? वा रे वा! मावशी तरी वाईट होती का? आपलं घरदार सोडून बहिणीच्या उशाशी बसली होती ती. राग काढायला एखादा वाईट माणूससुद्धा नव्हता त्या घरात. डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले आजच्या आज चालू करा, आणि पुरळाला लावायला मलम सांगितलं.

मी गोळी आणि पाणी घेऊन आईजवळ बसले. ती हात पुढं करीना.

"तुला तरी कळत होतं ना, हे गोळीनं आलंय?"

"कळत व्हतं की. डॉक्टर माझ्याम्होरंच बोललते."

"मग कावून गप बसलीस?"

आईनं भिंतीकडं तोंड केलं. "गाठ हाय म्हणल्यावर शेजारच्या बाया उंबऱ्याबाहीर बसायच्या. लेकरांना माझ्याजवळ येऊ देत न्हवत्या. ताईनं देवी म्हणलं, अन् त्याच बाया दहीभाताचा निवद घेऊन आत आल्या. पाया पडल्या माझ्या. मला लई बरं वाटलं."

खरं सांगते, मला आईचाही संताप आला. त्या बायांसाठी जीव पणाला लावायचा?

"आता मयतीला येतील त्या," मी म्हणाले. लई वाईट बोलले. पण आईनं वळून बघितलं आणि गोळी घेतली.

मी घरी फोन करून सांगितलं आणि तिथंच राहिले. मावशी रुसून उमापूरला गेली. खोकला हळूहळू बसला आणि आईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी, कपाळावर पुरळ पुन्हा उठलं. एवढं लालभडक पुरळ बघून मला बरं वाटलं.

त्याच दिवशी शेजारची बाई दारात आली. माझा आरडाओरडा सगळ्या गल्लीनं ऐकला होता, म्हणून तिनं उंबऱ्याबाहेरूनच मला विचारलं, नक्की काय हाय म्हणायचं हे? आईनं आतून माझ्याकडं बघितलं.

"देवी हाय," मी म्हणाले. "या आत."

ती चप्पल काढून आत आली आणि वाकून आईच्या पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची पाठ वळेपर्यंत मी गोळी मुठीत धरून उभी होते.