बर्फाच्या लादीवरची परीक्षा

गेल्या रविवारी सकाळी माझ्या वर्कशॉपच्या अंगणात बर्फाच्या दोन लाद्या उभ्या होत्या, आणि गेटाबाहेर अर्धी अक्कलकोट रोड एमआयडीसी. सायकल थांबवून प्रत्येक जण तेच विचारत होता, "कुणाचं लगीन हाय ओ?"

लगीन कुणाचंच नव्हतं. माझी पुतणी शिवलीला पुढच्या महिन्यात स्पितीला गोठलेला धबधबा चढायला जाणार आहे, आणि या वेळी तिला लीड करायचं होतं. लीड म्हणजे दोरी घेऊन सगळ्यात पुढे चढणं. मागून येणाऱ्याला वरून दोरीचा आधार असतो. पुढच्याला आधार एकच... स्वतः बसवलेले आइस स्क्रू.

हा स्क्रू म्हणजे वीतभर लांबीची, बाहेरून आटे पाडलेली पोकळ नळी. एका हाताने आइस ॲक्सला, म्हणजे बर्फात रुतवलेल्या छोट्या कुदळीला लटकायचं आणि दुसऱ्या हाताने ती बर्फात फिरवून तिच्यात दोरी अडकवायची. नीट बसली तर पडणाऱ्याला धरते. नाही बसली तर... पुढचं लिहायला हात धजत नाही.

दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, सगळं माझ्यावर टाकलं होतं. "तू हो म्हणलास तरच ती पुढं चढणार. मला त्यातलं काय कळत नाही बघ." मीही कुठला कोर्स केलेला नाही. लेथ सांभाळून, पुस्तकं वाचून, दर हिवाळ्यात तिकडे पदरमोड करून कुडकुडत शिकलोय. त्यामुळे मी कुणाला सहज पास करत नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवतही नाही.

वैताग येतो तो या नव्या पोरांचा. मागे इथेच मी सविस्तर लिहिलं होतं, की वर दुसरी टीम चढत असेल तर तिच्या खाली उभं राहू नका, वरून सुटलेला बर्फ कुणाची ओळख ठेवत नाही. त्यावर कॉमेंट काय? "काका, हेल्मेट कुठल्या कंपनीचं?" "काका, रील टाका की." अरे बाबांनो...

लाद्या घेऊन आलेला बर्फ कारखान्यातला सिद्राम तर परत जायलाच तयार नव्हता. "अण्णा, आमची लादी माशाला जाती, सरबताला जाती. भोकं पाडायला नेणारं गिऱ्हाईक तुमीच पयलं."

असो. लाद्या अँगलच्या फ्रेममध्ये एकावर एक घट्ट बसवल्या होत्या. शिवलीला बुटांना क्रॅम्पॉनचे काटे लावून चढली, आणि खालून माझं सुरू झालं... टाच खाली. कोपर आत. स्क्रू तिरका जातोय, काढ, परत लाव.

"स्पितीत तुम्ही खाली नसणार काका, तेवढंच सुख," ती म्हणाली. गेटावरचे सगळे हसले. मी हसलो नाही.

लादीच्या मध्यभागी एक पांढरट पट्टा असतो, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला. तिथे स्क्रू भसकन आत जातो. तो तिला मी मुद्दाम दाखवला आणि बजावलं, सहज गेला की शंका घ्यायची. मग काचेसारख्या स्वच्छ भागात तिने स्क्रू लावायला घेतले. एका हाताने, सरळ, एकापाठोपाठ एक. मला चूक काढायला जागाच सापडेना, आणि तसं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

मी दादाला फोन लावायला मोबाइल काढला.

"थांबा काका." ती अजून फ्रेमवरच होती. "हा चांगला बर्फ ना? मग इथं पण सहजच गेला की. का?"

मी म्हटलं, का म्हणजे काय? हात बसला तुझा, उतर आता.

तिला ते पटलं नाही. खाली आली, पत्र्यावर ठेवलेला एक स्क्रू उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चटकाच बसला. डिसेंबर असला तरी ऊन सोलापूरचं... आणि ते स्क्रू पत्र्यावर मीच मांडले होते, लांबीप्रमाणे, एका ओळीत. तापलेलं पोलाद बर्फ वितळवत आत घुसत होतं. लादीसुद्धा एव्हाना घाम फुटून मऊ पडली होती. स्पितीतला बर्फ असे लाड करत नाही.

माझी प्रचंड चिडचिड झाली. आधी तिच्यावर, मग पत्र्यावर, मग... जाऊ दे.

तसेच आम्ही तिघं सिद्रामच्या कारखान्यात गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्क्रू तिथल्या मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत सोडले. चहा होईपर्यंत ते असे गार झाले की बोटाला चिकटायला लागले. सिद्रामने नुकतीच निघालेली लादी भिंतीला टेकवून उभी केली.

शिवलीलाच्या ॲक्सच्या पहिल्याच घावाला बशीएवढा तुकडा उडाला. स्क्रूचं टोक बर्फावर नुसतं घसरायला लागलं. एक स्क्रू तर तिच्या हातातून सुटून फरशीवर खणखणला... धबधब्यावर तो थेट दरीत गेला असता. शेवटी एक बसला, पण तोवर तिला दोनदा ॲक्सवरचा हात बदलावा लागला.

तिने फरशीवरचा स्क्रू उचलून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "यंदा लीड नको काका. मी मागून चढते."

"भोकाची लादी मी परत घेत न्हाय हां अण्णा," सिद्राम म्हणाला.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे नापास?" मी म्हटलं, यंदा पुढं चढायचं नाही, एवढंच.

चूक तिने नाही, मी केली होती, आणि माझा होकार ओठांवर आलेला होता. आपला स्क्रू सुरेख बसला म्हणून खूश व्हायचं सोडून तो असा का बसला, हे विचारणारी माणसं मला डोंगरात फार भेटलेली नाहीत. उद्या शिवलीला पुढे असेल, तर दोरीच्या मागच्या टोकाला मी डोळे झाकून स्वतःला बांधून घेईन. हे तिला तोंडावर सांगायला मला जमणार नाही... म्हणून इथे लिहिलं.