आक्कांना वाचून दाखवलेली कादंबरी

लग्न होऊन मी खानापुरात आले तेव्हा घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. मराठी सातवी झालेली. मालक कचेरीत कारकून होते. बेळगावला कामाला गेले की वाचनालयातून माझ्यासाठी एखादी कादंबरी आणायचे. मला आवडायच्या त्या काळोख्या, रहस्याच्या. एखादी बाई मनातून ढासळत जाते, आणि ती म्हणते ते खरं की तिचा भ्रम हे शेवटपर्यंत कळत नाही, अशा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे आक्का म्हणायचे. मी येण्याच्या आदल्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती. पोर मेलेलीच जन्मली, असं घरात सांगत. आक्का मात्र म्हणायच्या, "मी रडणं ऐकलंय." सासूबाई म्हणायच्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेजारणीही तेच म्हणायच्या. मीही तेच धरून चालले होते.

एका दुपारी आक्का सोप्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी हातातली कादंबरी मोठ्यानं वाचायला घेतली. तिच्यातल्या सुनेला बंद खोलीतून मूल रडल्याचं ऐकू यायचं, आणि घरात तर मूलच नव्हतं. आक्कांचे हात सुपात थांबले.

"परत वाच गं तेवढं."

मी वाचलं.

"मग? हिचं कोण खरं मानतंय का?"

"अजून न्हाय, आक्का."

आठ दिवस असं चाललं. आक्का कामं भराभर उरकून माझ्या आधी येऊन बसायच्या. एकदा तर ओरडल्याच, "कुलूप फोड की गं बाई त्या खोलीचं!" त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

शेवट मी आदल्या दिवशीच एकटीनं वाचून काढला होता. डॉक्टर येतो, खोली उघडतो, आत काही नसतं. सगळा सुनेच्या मनाचा खेळ. ती नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. मी काय वाचते ते आक्कांना पडताळता येणार नव्हतं. खोलीत मूल सापडलं, असं सांगता आलं असतं. मनात आलंही होतं. पण पुस्तकात नाही ते वाचणं मला खोटेपणाचं वाटलं, आणि आपल्याला नीट वाचता येतं याचा तोराही होता. मी अक्षर न अक्षर वाचलं.

"म्हंजे रडलंच न्हवतं?" आक्कांनी विचारलं.

"पुस्तकात तसं लिवलंय."

"छापलंय तसं?"

"व्हय."

त्यांनी उरलेले तांदूळ निवडले. संध्याकाळी सासूबाईंपुढे जाऊन म्हणाल्या, "चुकलं माझं, आत्त्या. मला भास झालता." घराला सुटल्यासारखं झालं. आक्का बऱ्या झाल्या, असं सगळे म्हणू लागले. त्यानंतर त्या पुस्तक ऐकायला कधी बसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी माझं बाळंतपण त्याच घरात झालं. माहेरी करायला कुणी नव्हतं. सुईणही आक्कांच्या बाळंतपणाला होती तीच. मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता, खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून सुईण म्हणाली, "जपा हिला. थोरलीची पण अशीच खणखणीत रडली हुती. सासूनं पदराखाली घिऊन मागं परड्यात न्हेली. मला म्हणाली, तोंड उघडू नगंस."

मी कुणाला सांगितलं नाही. पोर मांडीवर होती आणि माझी पेज सासूबाईंच्या हातून येत होती. पोर जरा मोठी होऊ दे, मग आक्कांना सांगू, असं ठरवलं.

आक्का तिला खूप खेळवायच्या. पण ती रडली की आधी माझ्याकडे बघायच्या. "खरंच रडतीया न्हवं गं?" मी हो म्हणायची, मग तिला उचलायच्या.

पुस्तकं मी वाचतच राहिले, तसलीच. त्यातली बाई निदान शंभरेक पानं तरी आपलं म्हणणं सोडत नाही. तेवढ्यासाठी वाचायची.

दोन वर्षांनी आक्का हिवतापानं गेल्या. दहा दिवस मी उशाशी होते. सांगायचं पुष्कळदा ओठापर्यंत आलं. सांगितलं नाही. तेरावं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गुणाची हुती. शेवटी शेवटी तर काय सुदिक तरास न्हवता तिचा."

मी मान डोलावली.