ऊस मुठी आवळत नाही

नातवंडांनो, गेल्या महिन्यात माझा धाकटा दीर दत्तू वारला. बाराव्याला आलेली माणसं माझ्याच व्हरांड्यात बसून, माझाच चहा पीत म्हणाली, "बिचारा! सख्ख्या आईनंच घराबाहेर काढला." बिचारा! माझा संताप अजून उतरलेला नाही. तुम्ही दूर आहात. तुमच्या कानावर उद्या हीच गोष्ट येईल. म्हणून माझ्या सासूबाईंबद्दल, तुमच्या पणजीबद्दल, आत्ताच लिहिते.

सासूबाईंना मी आईच म्हणायचे. आई देवाशी मराठीत बोलायच्या, शेजारणींशी भोजपुरीत आणि रागावल्या की आपल्या बेटावरच्या क्रेओल बोलीत. जेवायला सुनांना आधी बसवायच्या. "उपाशी सून सासूला शाप देते गो," म्हणून स्वतःच हसायच्या.

सत्तरच्या दशकात पितों गावातल्या घरी आम्ही एकत्र राहत होतो. दत्तूची बायको लीला लालमती गावची. लग्नानंतर हळूहळू तिचं माहेरी जाणं बंद झालं. काही विचारलं की उत्तर देण्याआधी ती दत्तूच्या तोंडाकडे बघायची. घरात सगळे म्हणत, लाजाळू आहे. आई म्हणाल्या, "लाजणारी खाली बघते. ही परवानगी मागते."

मग एकदा न्हाणीघराच्या दारात आईंना तिचे काळेनिळे दंड दिसले. "उसात लागलं," लीला म्हणाली. शेतावर जाणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगत आणि ऐकणारे माना डोलवत, कारण उसाच्या पानांनी हात चिरतात हे खरंच होतं.

"ऊस चिरतो गो, लीले. ऊस मुठी आवळीत नाय. आणि गळ्यावरली ही बोटं कोणाची?"

लीला रडली नाही. "माझ्या आईला सांगू नका," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी दत्तू आला तेव्हा त्याचे कपडे व्हरांड्यात पडले होते. "सोर्ती!" आई ओरडल्या. म्हणजे, चालता हो.

"बायको माझी आहे, आई!"

"आणि घर माझं हाय."

दुसऱ्या दिवशी देवळातले दोन वडीलधारे समजूत घालायला आले. घरातलं घरात मिटवा, समाजात नाव जातं, वगैरे. "नाव दत्तूनं घालवलं," आई म्हणाल्या. "मग माझ्या दारात कशाला आलात? त्याच्याकडं जा." त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.

लीलाला डॉक्टरांना दाखवून आई तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. मीही होते. शिपाई हसला. नवरा-बायकोचं भांडण, म्हणे, उद्या गोड होतील! आईंनी बाकावर बैठक मारली. "ही मेल्यावर लिवशील काय रे? आताच लिव. मारणारा माझा पोर हाय, नाव मीच सांगते." त्याला लिहावं लागलं. पुढे पोर्ट लुईच्या वकिलाकडे आमच्या कितीतरी फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे लीला कायद्यानं वेगळी झाली. तोवर नातेवाईक दत्तूलाच जेवायला बोलवत होते.

त्याची आठवण येते का, असं मी एकदा आईंना विचारलं. "रोज येते. जेवताना येते. पण आठवण आली म्हणून कोणी दार उघडतं काय?"

ऐंशीच्या दशकात आई गेल्या. जाण्याआधी ते घर त्यांनी लीलाच्या नावावर केलं होतं. तुमची लीलाआजी अजून तिथेच राहते. ती जिवंत आहे.