राहिलेल्या मोळ्या

बनुबाई जाधव साठीत सायकल शिकल्या, तेव्हापासून आमच्या वाईच्या रस्त्यावर कुणाची खैर नाही. घंटीआधी त्यांची शिवी ऐकू येते. फाल्गुनात कारखाना बंद व्हायच्या आत ऊस पोचवायची घाई. दोन्ही बाजूंनी ऊस लोंबवत ट्रॉल्या पळतात. सायकलवाल्यानं जावं कुठनं? परवा असाच लोंबता ऊस हँडलला अडकला आणि बाई चरीत पडल्या. उठल्या, सायकल दामटली आणि गतिरोधकावर ट्रॅक्टर गाठला.

"आरं मुडद्या, डोळं फुटलं का? एवढा ऊस भरत्यात व्हय?"

ड्रायव्हर खाली उतरला. "आवं मावशी, तुमच्याच रानातला ऊस हाय ह्यो. सकाळी तुमीच म्हणाला, राहिलेल्या मोळ्या ह्याच खेपंत कोंबा."

बाईंनी फुटलेला गुडघा दाबून धरला. मग ओरडल्या, "मग तू कशाला ऐकलंस रं माझं?"