पोरीचा विमा आनि उपासाचा आठवडा

हडपसरात आमच्या भवतालची शेतं गेली आनि तिथं काचेच्या इमारती उभ्या ऱ्हायल्या. त्यातल्याच एका कंपनीत मी लादी पुसायला व्हते. गुडघे बोलाय लागले तसं काम सोडलं.

घरी मी आनि माझी पोरगी. ती ब्लाऊज शिवती. लग्न न्हाई झालं. लहानपनापासनं अंगानं भारी. डागदर म्हनाला, थायरॉईड हाय. पन लोकाला कोन सांगत बसनार?

पोरीचा बाप, आमचे मालक, आजारी पडले तवा राहत्या घराची एक खोली इकून दवाखान्यात गेली. मालकबी गेले. मला एकच घोर लागला, उद्या ही पडली तर आता इकायला काय उरलंय? पोरीचा विमा काढायचा. भाकरी थापता थापता हात थांबायचा माझा.

गल्लीतला एजंट घरी आला. पोरीकडं एकदा बघितलं आनि कागद पिशवीत परत घातला.

"मावशी, आधी यांची तपासणी होईल. आठवडाभर जरा खाणं आवरा."

आवरायचं म्हंजी मला ठावं ते उपास. सोमवार ते सोमवार कडक धरायला लावला. भात न्हाई, भाकरी न्हाई. सकाळी साबुदान्याची खिचडी, दुपारी वरई आनि दान्याची आमटी, सांजच्याला रताळ्याचा कीस, गूळ घालून.

पोरगी म्हनायची, "आई, लई हुतंय गं."

"गप. उपासाचं हाय, अंगाला लागत न्हाई."

तपासनीला गेलो. ती काट्यावर चढली. तिथल्या बाईनं वाकून बघितलं, उतर म्हनाली, परत चढवलं. वजन वाढलेलं. रक्तात साखरबी निघाली. मी उपासाचं सांगितलं, तर बाई लिहिता लिहिताच म्हनाली, "आजी, आमच्याकडे याला जेवणावळ म्हणतात."

रिक्षात पोरगी घरापर्यंत हसत व्हती. "एकादशी, दुप्पट खाशी!" मला न्हाई आलं हसू.

त्या विम्याच्या कंपनीनं न्हाई म्हनून कळवलं. दुसरीचं काय ते इचारायला एजंटच्या हापिसात गेलो. तिथं दोन्ही बाजूंनी हात असलेल्या अरुंद खुर्च्या. पोरगी उभीच ऱ्हायली.

"बसा ना ताई."

"दिवसभर मशीनवर बसूनच असती की."

ती का बसंना, ते मला ठावं व्हतं. मीबी मंग उभीच ऱ्हायले.

एजंट म्हनाला, "ही कंपनी घेईल, पण हप्ता जास्त पडेल. आणि वजनामुळे होणारं काही पहिली काही वर्षं मिळणार नाही."

"मंग मिळनार काय?"

"बाकी सगळं."

पोरगी म्हनाली, "म्हंजी टेम्पोनं उडवलं तर."

"हो, ते बसतं," तो म्हनाला. हसला पन न्हाई मेला.

पोरीला घरी धाडलं. माझे पाय घराकडं वळंना, म्हनून मंडईत शिरले. तिथं कंपनीत माझ्यासंगं लादी पुसनारी बाई भेटली. तिला समदं सांगितलं.

"अगं, आपल्या पगारातनं कापत्यात ना, त्याच्यावर कामगारांचा दवाखाना हाय. माझ्या मालकाचं आपरेशन तिथंच झालं. बिनलग्नाची पोरगीबी बसती त्यात."

"काट्यावर चढवत्यात का आधी?"

"त्यांना काट्याचं काय? तू कामावर हायस का, तेवढं बघत्यात."

ते कापलेलं सुपरवायझर खातो, असंच मी इतकी वर्षं धरून चालले व्हते. आनि काम तर सोडून बसले व्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडायला कंपनीच्या गेटावर.

सुपरवायझर म्हनाला, "आजी, गुडघे गेले म्हणून सोडलं ना?"

"गुडघे गेलेत. हात हायत."

"जिने जमायचे नाहीत तुम्हाला. खालचे संडास आहेत फक्त."

"द्या."

कामगारांच्या दवाखान्याचं कार्ड व्हायला वेळ गेला. मंग एक दिवस पोरीच्या गोळ्यांसाठी त्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या मानसानं नाव इचारलं, वय इचारलं, माझी कोन लागती ते इचारलं. मी वजनाची वाट बघत उभी. त्यो म्हनाला, "पुढे चला, मागे लाईन आहे."

आत लांबलचक लाकडी बाकडं व्हतं. पोरगी त्याच्यावर ऐसपैस बसली. शेजारी थोपटून म्हनाली, "बस की आई. किती उभी ऱ्हाशील?"

बसले. पन डोळा घड्याळावर. दुपारची पाळी व्हती, आनि माझ्या कामावरच पोरीचं कार्ड, खाडा झालेला आता परवडनार नव्हता. गोळ्या तूच घे म्हनलं तिला, आनि भिंतीला धरून उठले.