मालकाची माटोळी

मंडळी, आज पेडण्यातल्या हार्डवेअर दुकानातली नोकरी सोडली.

उद्या गणपतीची चवथ. सकाळीच मालक म्हणाले, "आज दुकान राहू दे. रानात जाऊन आमच्या माटोळीची फळं-पानं आण आणि ती बांधूनच घरी जा."

दरवर्षी हेच! त्यांच्या गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी भरगच्च, आणि कोरगावात आमच्या गणपतीवर दिवेलागणीला घाईघाईत टांगलेले चार नारळ.

म्हटलं, "पात्रांव, यंदा जमायचं नाय. आमची माटोळी बांधायचीय."

"अरे, तुला आम्ही घरचा मानतो!"

"मग आमच्या गणपतीला कधी आलात?"

मालक म्हणाले, "तुझं घर नेमकं कुठे रे?"

चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि निघालो.

आता सांगत फिरतील, हल्ली माणसं टिकत नाहीत. तुमच्या मालकाला ठाऊक आहे तुमचं घर?